नऊ दिवसांत सात किलो : खानापुराकडच्या एका पैलवानाचं प्रकरण

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका वस्तादांचा फोन आला. "ताई, पोरगं सहा-एकनं पुढं होतं. दुसऱ्या फेरीत हातच उचलंना झाला. डावानं न्हवं, दमानं पडलं. जरा बघता काय?"

पोरगं म्हणजे एकवीस वर्षांचा पैलवान. गाव खानापूर तालुक्यातलं, घरी थोडा भात, थोडा ऊस, दोन म्हशी. सहा वर्षं बेळगावातल्या तालमीत राहून मेहनत करतो. मी बेळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. त्याच्या आणि वस्तादांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहिते आहे. नाव, गाव, तालीम मुद्दाम सांगत नाही.

राज्याच्या निवड चाचणीत त्याला ७४ किलो गटात उतरायचं होतं. चाचणीच्या नऊ दिवस आधी काट्यावर ८०.९ भरले. मग तालमीतल्या थोरल्या पोरांनी सांगितलेला उपाय सुरू झाला. मीठ बंद, भाकरी-भात बंद, तिसऱ्या दिवसापासून पाणी मोजून. अंगावर प्लास्टिकचा रेनकोट, वरून स्वेटर, आणि धावणं. शेवटच्या रात्री तो तोंडात लिंबाची फोड धरून थुंकत बसला होता. सकाळी काट्यावर ७३.९ आले. पोरांनी त्याला उचलून घेतलं. दोन-अडीच तासांनी पहिली कुस्ती. पहिल्या फेरीत ६-१ आणि दुसऱ्या फेरीत पिंढरीला गोळा, पाठीवर माणूस, ६-११. लघवी दुसऱ्या दिवशीपर्यंत काळपट होत होती, हे त्यानं मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. आधी लाजला.

दहा दिवसांनी मी त्याचं वजन केलं. ८१.२.

या आकड्यापाशी थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यात आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. नऊ दिवस अन्नाला शिवला नसता आणि धावतच राहिला असता, तरी चरबी चार-साडेचार किलोंच्या वर जळली नसती. मग सात किलो गेले कुठले? स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन, तो अशा अंगाच्या माणसात अर्धा किलोच्या आसपास असतो, आणि प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भाकरी-भात तोडला की हे दोन किलो उतरतात. आतडी रिकामी झाली की आणखी एखादा किलो. बाकीचं निव्वळ घाम. म्हणजे काट्याला जे हवं होतं ते त्यानं दिलं, पण दिलं ते इंधन आणि पाणी. चरबी जवळजवळ होती तिथंच राहिली. दुसऱ्या फेरीत लागतात त्याच दोन गोष्टी त्यानं रेनकोटात सांडल्या होत्या.

तालमीतले जुने जाणते म्हणतात, "आम्हीबी असंच करत होतो, मग आम्ही कसं खेळलो?" ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या काळात वजन आदल्या दिवशी व्हायचं. रात्रभर खायला-प्यायला मिळायचं, सकाळपर्यंत अंग बरंच भरून यायचं. २०१८ पासून जागतिक कुस्ती संघटनेनं वजन कुस्तीच्या दिवशी सकाळी घ्यायला सुरुवात केली. युक्ती तीच राहिली, मधली रात्र गेली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट दुसऱ्या दिवशीच्या वजनात १०० ग्रॅमनं चुकली आणि अंतिम फेरीतून बाद झाली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण तालमीत नाव निघतं ते अमन सेहरावतचं, त्याच ऑलिम्पिकमध्ये दहा तासांत ४.६ किलो उतरवून त्यानं कांस्य आणलं म्हणून. अमनच्या बाजूला डॉक्टर आणि प्रशिक्षक रात्रभर जागे होते. आमच्या पोराच्या बाजूला रेनकोट होता. १९९७ साली अमेरिकेत साधारण महिनाभरात तीन कॉलेज पैलवान असंच वजन उतरवताना मेले, त्यानंतर तिथं रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली आणि शरीरात किमान ५ टक्के चरबी राहील त्याखालच्या वजनात उतरू द्यायचं नाही असा नियम झाला. हे मी वस्तादांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मोजमाप

आमच्याकडच्या बऱ्याच तालमींत बायका आखाड्याच्या मातीत पाय ठेवत नाहीत. मी ओसरीवर बसले, वस्ताद शेजारी. छाती, पोट आणि मांडी अशा तीन ठिकाणी कातडीची घडी चिमट्यानं मोजली. तिन्ही मिळून ५१ मिलिमीटर. प्रचलित सूत्रानं ते १४.४ टक्के चरबी दाखवतं, म्हणजे ११.७ किलो चरबी आणि ६९.५ किलो बाकीचं अंग.

हे सूत्र अमेरिकी पुरुषांवर बसवलेलं आहे. आपल्या लोकांत तेवढ्याच वजनाला चरबी थोडी जास्त आढळते, आणि चिमट्याची मोजणी तीन-चार टक्क्यांनी इकडंतिकडं होऊ शकते. म्हणून टक्क्यांना मी फार डोक्यावर घेत नाही. मिलिमीटर मात्र खरे असतात. मोजणारा हात एकच असला, जागा त्याच असल्या, की ५१ चे ४५ झाले म्हणजे चरबी उतरली, यात शंका राहत नाही.

आता हिशेब. चरबीखेरीजचं ६९.५ किलो जसंच्या तसं टिकवून ७४ वर यायचं तर चरबी ६ टक्के उरते. कागदावर जमतं, पण अगदी काठावर उभं राहून. ७९ किलो गटात उतरायचं तर काहीच कष्ट नाहीत. माझं पहिलं मत ७९ चंच होतं. पैलवानाचं उत्तर तयार होतं, "ताई, ७९ ऑलिम्पिकमध्ये नाही." बरोबर आहे. ऑलिम्पिकचे पुरुष फ्रीस्टाइल गट ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५. ७९ राष्ट्रीय आणि जागतिक स्पर्धेत आहे, तिथं नाही. पोरगं ऑलिम्पिकला जाणार का हा प्रश्न मी विचारला नाही. एकवीस वर्षांच्या पोराला तो विचारायचा नसतो.

मग मी दुसरंच विचारलं. "मागच्या वर्षी वजन किती होतं?"

"शहात्तर. दोन किलो सहज उतरायचं."

तर हे पाच किलो नवे होते. आषाढात त्याचा उजवा खांदा दुखावला. दहा आठवडे लढत बंद. आमच्या भागातला पावसाळा, धावायला रस्ता नाही, नुसत्या बैठका. खुराक मात्र चालू. लिटरभर म्हशीचं दूध, दोन मोठे चमचे तूप, मूठभर बदामांची थंडाई, तिच्यात साखर. एवढ्यालाच सतराशेच्या वर कॅलरी होतात, वर दोन वेळचं ताट. मेहनतीच्या दिवसांत हा खुराक त्याला नेमका पुरत होता. मेहनत थांबली तेव्हा रोज पाच-सहाशे कॅलरी उरू लागल्या, आणि दहा आठवड्यांत त्यांचे पाच किलो झाले.

यात कुणाचा दोष काढावा असं मला वाटत नाही. आपल्याकडं खुराकाला मान आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या, चिक्कोडी तालुक्यातल्या एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ साली पहिली हिंदकेसरी गदा जिंकली. त्यांचा फोटो या तालमीत मारुतीच्या शेजारी आहे. थोर पैलवानांच्या खुराकाच्या गोष्टी पोरं ऐकत वाढतात, पण त्या खुराकामागं दिवसभराची मेहनत होती ही अर्धी गोष्ट गळून पडते. दुखापतीत खुराक कमी करणं म्हणजे पोराला उपाशी मारणं, असं घरच्यांना वाटतं. त्याच्या आईला तर वाटलंच.

अकरा आठवडे

पुढची खुली स्पर्धा फेब्रुवारीच्या मध्यावर होती. तिघांत ठरलं ते असं. आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर उतरायचं, ७६ पर्यंत यायचं. पाचव्या आठवड्याला तपासणी. दोराची चढण मंदावली, सकाळचे नाडीचे ठोके वाढले, झोप उडाली, यांतलं काहीही दिसलं तर ७४ चा नाद सोडून ७९ ला जायचं. पैलवानानं मारुतीसमोर हात जोडून कबूल केलं.

ताटात फार मोठे बदल नव्हते. साखर बंद. तूप तीस ग्रॅमवरून दहावर. दुधाची साय काढून. भाकऱ्या चारच्या चार राहिल्या. वाढवली ती प्रथिनं, दिवसाला १६० ग्रॅमपर्यंत, म्हणजे वजनाच्या किलोमागं दोन ग्रॅम. उपासमारीत शरीर स्नायू मोडून खातं, ते रोखायला एवढं लागतं. दूध लिटरभर, सहा अंडी, पावशेराला थोडी कमी कोंबडी, वाटीभर मटकी किंवा हुलग्याची उसळ. सोमवार आणि शनिवार तालमीत वशाट चालत नाही. त्या दिवशी पनीर, दही, सोयाबीन आणि उसळ दुप्पट. रोजचा एकूण आकडा ३,१०० कॅलरी, खर्च ३,६०० च्या आसपास.

याच्या खाली जायला मी तयार नव्हते. मेहनतीत जळलेल्या नऊशे वजा केल्या तर उरतात २,२००, म्हणजे चरबीखेरीजच्या दर किलोमागं ३१-३२ कॅलरी. हा आकडा बराच काळ ३० च्या खाली राहिला की शरीर बाकीची कामं आवरायला लागतं, असं खेळाडूंच्या वैद्यकात धरलं जातं. हार्मोन उतरतात, हाडं ठिसूळ होतात, थंडी वाजते, पोरगं चिडचिडं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा इथं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. ते दिवसभर अन्नाशिवाय दुसरं काही बोलेनासे झाले. वस्तादांना ही खूण लगेच पटली. "पोरगं सारखं जेवणाचंच बोलूलालंय असं दिसलं की तुम्हाला सांगतो."

तिसऱ्या आठवड्यात चूक माझी झाली. वजन हलत नव्हतं म्हणून मी संध्याकाळचा भात निम्मा केला. चार दिवसांत वस्तादांचा फोन. लढतीत दहा मिनिटांनंतर पोरगं नुसतं धरून उभं राहतंय. चाचणीच्या आधी रेनकोटात जे झालं होतं तेच मी हळूहळू करत होते, इंधन काढून घेत होते. भात परत दिला, उलट वाढवून मेहनतीच्या आधी दीड तास आणि मेहनत संपल्यावर अर्ध्या तासात असा वाटून दिला. कॅलरी तेवढ्याच ठेवायला रात्रीच्या चार बदामांवर आणि शेंगाच्या चटणीवर गदा आली. लढत दोन दिवसांत सुधारली.

मग वजन का हलत नव्हतं? दर शनिवारी संध्याकाळी तो गावी जायचा, रविवारी रात्री परतायचा. सहाव्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर गावी गेले. आईनं मलाही वाढलं. भाताचा ढीग मोडला तर खाली तुपाचं डबकं. तिच्याकडं पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. "पोरगं बारीक होऊलालंय, मला घास जायना बघा." तिला मी कॅलरी सांगितल्या नाहीत. चिमट्याचे आकडे दाखवले, दोराच्या चढणीचे सेकंद दाखवले, आणि ताकद वाढते आहे हे तिला तिच्या पोरानंच समोरच्या पोत्यासह उठून दाखवलं. त्यानंतर ती स्वतः नाचणीची आंबील आणि हुलग्याचं माडगं करून तालमीत पाठवू लागली. ही दोन्ही आमच्याकडची जुनी पोटभरीची खाणी आहेत, आणि मी माझ्या तक्त्यात ती घातली नव्हती याचं मला वाईट वाटलं.

खरा पेच वेगळाच निघाला. डिसेंबरपासून यात्रांची मैदानं सुरू होतात. मातीवरच्या कुस्तीत गट नसतात, जोड नजरेनं लावतात. अंगानं भरलेला पैलवान दिसला की मोठी कुस्ती, मोठं इनाम. आमचा पोरगा ७८ वर आला तेव्हा एका मैदानात त्याची जोड दोन नंबर खाली लावली. वस्ताद स्पष्ट बोलले, "माळावर अंगच बोलतं, ताई. तुमचा चिमटा तिथं कोण बघतंय?" त्या हंगामात त्यानं तीन नेमलेल्या कुस्त्या सोडल्या. त्या इनामावर घरचं खताचं बिल भागायचं. चरबी उतरवण्याची ही किंमत कुठल्याच तक्त्यात नव्हती, आणि ती मी नव्हे, त्याच्या बापानं भरली.

दम

मातीवरची कुस्ती पंधरा-वीस मिनिटंही चालते. मधे धरून राहता येतं, श्वास घेता येतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद, आणि धरून उभा राहिलास तर पंच निष्क्रियतेची ताकीद देतो. पाचशे बैठका मारणाऱ्याचे पाय दमत नाहीत हे खरं, पण त्या एका संथ लयीत होतात. तीन मिनिटं झटक्यावर झटका, मग अर्धा मिनिट, मग परत तीन मिनिटं, ही वेगळी मेहनत आहे. जोर-बैठका आम्ही निम्म्यावर आणल्या आणि आठवड्यातून तीनदा "एकावर तीन" सुरू केलं. मधे हा, समोर दर मिनिटाला ताजा गडी, तीन मिनिटं पूर्ण. तीस सेकंद थांबून पुन्हा. ही कल्पना वस्तादांची, मी फक्त मिनिटं मोजली. धावणं कमी केलं. चरबी उतरवायला धावायचं ही समजूत फार घट्ट आहे, पण ताटात पाचशे कॅलरी कमी असताना वर रोज दहा किलोमीटर धावलं तर लढतीसाठी पाय उरत नाहीत.

मोजायला छातीवरचा पट्टा वापरला. पहिल्या आठवड्यात तीन मिनिटांनंतर ठोके १८६, आणि एक मिनिट बसल्यावर १६२. अकराव्या आठवड्यात १८४, मिनिटानं १३८. दमाची वाढ मला या दुसऱ्या आकड्यात दिसली. किती जोरानं लढतो त्यापेक्षा किती लवकर परत उभा राहतो.

अकराव्या आठवड्याच्या शेवटी वजन ७६.४. चिमटा ३४ मिलिमीटर, सूत्रानं ९.३ टक्के. चरबीखेरीजचं अंग ६९.३. म्हणजे पावणेपाच किलो गेले त्यांतले जवळजवळ सगळे चरबीचे. दोराची चढण पहिल्यापेक्षा जलद. मला हा आकडा बघून जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही, पण त्या रात्री मी वस्तादांना आपणहून फोन केला.

शेवटचे अडीच किलो पाच दिवसांत. पहिले तीन दिवस काहीच वेगळं नाही. मग भाजी, उसळ, भाकरी बंद, त्याऐवजी मऊ भात, अंडी, गाळलेलं ताक, म्हणजे आतड्यात चोथा उरत नाही. मीठ थोडं कमी. पाणी शेवटच्या सोळा तासांत कमी, बंद नाही. आदल्या संध्याकाळी वीस मिनिटं घाम येईतो हलकी मेहनत. रेनकोट तालमीत राहिला. सकाळी ७३.८. वजन झाल्या झाल्या मीठ-साखरेचं पाणी, मीठ घातलेली तांदळाची पेज, केळी. चटणी-भाजी काही नाही.

पहिली कुस्ती ८-३. दुसरी ५-४, आणि तिच्यातले तीन गुण शेवटच्या मिनिटात. तिसरी, उपांत्य फेरीतली, २-६ अशी हरला. समोरचा त्याच्याहून चांगला होता. कांस्यपदकाची कुस्तीही गेली. पण चारही कुस्त्या तो सहाच्या सहा मिनिटं लढला.

परतीच्या गाडीत त्यानं स्वतःच सांगितलं, "ताई, चौथ्या कुस्तीला ते शेवटचे दोन किलो आठवले." पुढच्या स्पर्धेला तो ७९ मध्ये नाव देणार आहे, सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरवर राहून, पोटभर खाऊन. ऑलिम्पिकचं काय, हे आता मी विचारलं. तो म्हणाला, आधी राज्य.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. तालमीत त्याचा पंधरा वर्षांचा चुलतभाऊ राहतो. मार्चमध्ये वस्तादांना कळलं की तो पोरगा तीन आठवडे रात्रीचं जेवत नव्हता. दादाच्या पोटावर रेघा दिसायला लागल्या, आपल्या का नाहीत म्हणून. त्याची उंची अजून वाढते आहे. त्या वयात वजन उतरवायचंच नसतं, वाढलं तर वरच्या गटात खेळायचं असतं. मी दादाच्या पोटाचे मिलिमीटर ओसरीवर, सगळ्या पोरांच्या देखत मोजत होते. आता चिमटा फक्त माझ्या खोलीत निघतो. अठराच्या खालच्या कुणालाही तो लावत नाही. आणि धाकट्याच्या ताटाशेजारी रोज रात्री त्याचा दादा बसतो, चारही भाकऱ्या संपेपर्यंत.